'वातावरण' या शब्दाची सोय

दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्राविषयी लिहिताना मराठी समीक्षा 'वातावरण' या शब्दाचा हमखास आश्रय घेते. हवामान आणि मनःस्थिती हे दोन्ही अर्थ त्यात सामावत असल्याने समीक्षक पहिल्यावरून दुसऱ्यावर केव्हा घसरला, हे त्यालाही कळत नाही. धुके दिसले की विषाद, संधिप्रकाश दिसला की हुरहूर, असे समीकरण मांडून तो मोकळा होतो.

वस्तुतः मोनेच्या १८९०-९१ मधील गवताच्या गंजींच्या चित्रमालिकेत विषय तोच राहतो. बदलतात ते प्रहर, ऋतू आणि हवा. बदलत्या प्रकाशात गंजीचा रंग कोणता दिसतो, हा त्या चित्रांपुढील पहिला प्रश्न आहे. भाव या पाहण्याच्या पोटी जन्मतो. तो आधी ठरवून रंगांवर लादता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण पाहावे. जून २०२० मध्ये एरवी हिरवट दिसणारे हे खारे सरोवर गुलाबी झाले. पाणी घटून क्षारता वाढली होती आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमधील रंगद्रव्यामुळे तो रंग आला होता. त्या दिवसांत एखाद्या चित्रकाराने दिसला तसा तो रंग उतरविला असता, तर आपल्या समीक्षेने त्यात त्याची स्वप्नाळू वृत्तीच शोधली असती. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये टीकाकारांनी जांभळ्या सावल्यांची टवाळी केली. आपण त्यांना भावाकुलता म्हणून गौरवितो. डोळ्यांवरचा अविश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच.

अशा समीक्षेला मर्ढेकरांचाही आधार घेता येणार नाही. भावनात्मक अर्थ हे त्यांनी साहित्याचे माध्यम मानले, चित्राचे नव्हे. चित्रात त्यांना रंगरेषांच्या संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल अभिप्रेत होता. साहित्याचा निकष चित्रावर लादणारी समीक्षा चित्र पाहत नाही, ती चित्राखाली कविता लिहिते.

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. ऐन वेचणीत आलेला पाऊस जेथे फुटलेला कापूस भिजवून मातीमोल करतो, तेथील भरून आलेल्या आभाळाला 'उदास' म्हणून सोडून देणे हे रसिकतेचे नव्हे, न पाहण्याचे लक्षण आहे. विद्यार्थ्याने चित्रासमोर उभे राहिल्यावर आधी विचारावे : हा प्रकाश कोणत्या प्रहरातला आहे? या प्रश्नाचे उत्तर न शोधता दिलेला भावाचा निर्वाळा समीक्षेच्या खात्यावर जमा होऊ नये.