मोसंबीचा वकील
जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात वकील म्हटला की बांधाचा, वाटणीचा, नाहीतर सातबाऱ्यावरच्या नोंदीचा दावा डोळ्यापुढे येतो. तीर्थपुरीहून कायदा शिकायला बाहेर पडणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे, बौद्धिक संपदेचा कायदाही मन लावून वाचा. तो काही फक्त सिनेमावाल्यांचा आणि औषध कंपन्यांचा नाही, आपल्या मोसंबीवाल्यांचाही आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले, फोटो छापून आले. पण त्याने प्रत्येक बागायतदाराच्या हाती हक्क पडत नाही. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचं नाव लावावं लागतं. हे अर्ज भरून देणारं माणूस गावात सापडत नाही, ही खरी अडचण. त्यात अख्खी बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकली, की फळ पुढे कुठल्या नावाने विकलं गेलं याची चौकशी कोण करतो? दुसरीकडचा माल जालन्याच्या नावाने खपवणं हा गुन्हा आहे. ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, म्हणजे तो जालन्यातच लढता येतो. मात्र पेटीवरचा छाप, आडतीची पट्टी, गाडीची पावती हे सगळं हंगामातच गोळा करून ठेवावं लागतं. बहार संपल्यावर पुरावा हाती लागत नाही.