साखळीतली मगर

बँकेतल्या नोकरीनं मला एक खोड लावली. नाणं हाती आलं, की ते उलटून मागची बाजू पाहायची. या खोडीपायीच दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराच्या नगरचिन्हाशी माझी ओळख झाली. लाल ढालीवर हिरवं खजुराचं झाड आणि त्याला सोनेरी साखळीनं बांधलेली मगर! नीमजवळ ना नाईल, ना मगरी. मग ही पाहुणी आली कुठून?

ती आली नाण्यावरून. इ. स. पूर्व ३१ मध्ये ॲक्टियमच्या लढाईत ऑक्टेव्हियननं, म्हणजेच पुढच्या सम्राट ऑगस्टसनं, अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला. पुढच्याच वर्षी इजिप्त रोमच्या घशात गेला. नंतर नीममध्ये जी रोमन नाणी पाडली गेली, त्यांच्या एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिपा, तर दुसऱ्या बाजूला ही मगर. मगर म्हणजे इजिप्त, साखळी म्हणजे पारतंत्र्य. अडाण्यालाही कळावं असं चित्र. सुट्ट्यांची चणचण तेव्हाही असावी, कारण यातली कितीतरी नाणी मधोमध तोडून अर्धी केलेली सापडतात!

१५३५ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा यानं हेच चित्र शहराला चिन्ह म्हणून दिलं. आज ती मगर नीमकरांची लाडकी आहे. नगरपालिकेच्या जिन्यावर पेंढा भरलेल्या मगरी टांगल्या आहेत, आणि तिथल्या फुटबॉल संघाला लोक 'क्रोको' म्हणतात.

एका देशाच्या गुलामीचं चित्र असं मिरवावं का, असं कुणी विचारील. निदान साखळी तरी काढा, असंही म्हणेल. मला ते पटत नाही. साखळी काढली, तर मगर नुसतं खेळणं होईल. साखळी आहे म्हणूनच एखादं पोर विचारणार, 'आजोबा, हिला का बांधलंय?' मग आजोबांना जिंकणाऱ्याबरोबर हरलेल्याचंही नाव घ्यावं लागणार. जुनी चिन्हं पुसून इतिहास सुधारत नाही. मुलांचे प्रश्न तेवढे बंद होतात.

आणखी एक गंमत पाहा. नाण्यावरच्या त्या दोन विजेत्यांचे चेहरे ढालीवर आलेच नाहीत. आली ती मागच्या बाजूची, हरलेली मगर. शहरानं जपलं, ते तिला.