हिशेब दिला; पण तो खरा आहे का, हे कोण विचारणार?

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून २००९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण विधानसभेवर निवडून आले. निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी त्यांनी ५,३७९ रुपये दाखवले होते. त्याच दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कौतुकाच्या पुरवण्या निघत होत्या. ‘अशोक पर्व’ हे शब्द तेव्हा घरोघरी पोहोचले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये अशी ४७ पूर्ण पाने मोजून दाखवली. एकच मजकूर शब्दही न बदलता वेगवेगळ्या दैनिकांत, वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता.

हे प्रकरण आता जुने झाले असे अनेकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. निवडणुकीतला पैसा उघड करा, एवढी साधी मागणी या देशात कशी अडवली जाते, हे समजून घ्यायला आपल्या मराठवाड्यातले याहून चांगले उदाहरण नाही.

प्रश्न रकमेचा नव्हता

पराभूत उमेदवार डॉ. माधव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. चव्हाणांनी आरोप नाकारले. पण पुढची काही वर्षे लढाई झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर. उमेदवाराने हिशेब मुदतीत दाखल केला, की आयोगाचे काम संपते का? की तो हिशेब खरा आहे का, हेही आयोग तपासू शकतो?

तेव्हाच्या केंद्र सरकारने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली, की हिशेब दाखलच केला नाही तर आयोग अपात्र ठरवू शकतो; हिशेबाच्या खरेपणावरून नाही. म्हणजे कागद वेळेवर द्या, त्यावर काहीही लिहा! ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले आणि खरेपणा तपासण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाणांचा हिशेब कायद्यात सांगितलेल्या रीतीने नसल्याचे ठरवून त्यांना नोटीस दिली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची ती कारवाई रद्द केली. चव्हाण अपात्र ठरले नाहीत. पुरवण्या पैसे देऊन छापल्या, हेही सिद्ध झाले नाही. हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पण तत्त्व मात्र कायम राहिले: हिशेब देणे आणि खरा हिशेब देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी विचारण्याचा अधिकार जनतेच्या वतीने आयोगाला आहे.

झाकण्यावर सर्वांचे एकमत

हा एका नेत्याचा किंवा एका पक्षाचा दोष असता, तर सोपे होते. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, भाकप, माकप आणि बसपा हे सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असा निर्णय दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष इथे मात्र एकसारखे वागले. कोणीही निर्णय अमलात आणला नाही.

मग आले निवडणूक रोखे. कंपनीने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही मर्यादा २०१७ मध्ये काढली गेली. २०१८ पासून देणगीदाराचे नावच जनतेपासून लपले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतरही स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि अवघ्या काही दिवसांत माहिती बाहेर आली. रोख्यांचा सर्वात मोठा वाटा सत्ताधारी भाजपला गेला होता. योगायोग असा, की चव्हाणांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला तोही याच आठवड्यात, १३ फेब्रुवारीला. पक्ष बदलतात, हिशेबाचा प्रश्न जागेवरच राहतो.

आपल्या देशात लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदा नाही. कोणता उद्योगपती कोणत्या मंत्र्याला कशासाठी भेटला, हे नागरिकाला कळत नाही. म्हणून देणग्या आणि निवडणूक खर्चाचा हिशेब ही आपल्यासाठी जवळपास एकमेव खिडकी आहे. तीही बंद झाली, तर धोरण कोणाच्या पैशाने ठरले हे कधीच समजणार नाही.

कायदा कोणाला चावतो?

आता गावाकडे या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब नुसार निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत दिला नाही, तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. नांदेड जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीच्या एका महिला उमेदवाराचे असेच प्रकरण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव जागेवर पहिल्यांदा उभी राहणारी बाई, तिचा खर्च काही हजारांचा. तिला कोणी अर्ज समजावून सांगत नाही, तारीख हुकते आणि नाव कटते. तिच्याकडे दिल्लीचे वकील नसतात.

हिशेबाचा नियमच नको, असे आमचे म्हणणे नाही. नियम खालपर्यंत जितका कडक, तितकाच वरपर्यंत असावा.

हा आपला प्रश्न का आहे?

लातूर लोकसभा, देगलूर आणि उदगीर विधानसभा हे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. विधानसभेची खर्चमर्यादा आज ४० लाख, लोकसभेची ९५ लाख रुपये. आपल्या वस्तीतला कोणता कार्यकर्ता एवढा पैसा उभा करू शकतो? मग उमेदवार आपल्यातला आणि पैसा दुसऱ्याचा, अशी स्थिती येते. निवडून आल्यावर तो कोणाचे ऐकणार, हे त्या पैशावर ठरते. अत्याचाराच्या प्रकरणात राखीव जागेवरचा आमदार गप्प का बसतो, याचे उत्तर पुष्कळदा तिथे असते. बाबासाहेबांनी संविधान सभेत राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्यातल्या विसंगतीचा इशारा दिला होता, तो हाच.

वर्तमानपत्रांचेही तेच. १९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. आज पैसेवाल्याचे कौतुक बातमी म्हणून छापले जाते. दोन्ही वेळा आपला आवाज बाहेरच राहतो.

पण बोट फक्त इतरांकडे दाखवून चालणार नाही. वीस हजारांवरची एकही देणगी मिळाली नाही, असे बसपा वर्षानुवर्षे आयोगाला कळवत आली आहे. पक्षाने रोखे घेतले नाहीत हे खरे, पण लहान देणग्यांची यादी लोकांपुढे ठेवायला कोणी अडवले होते? आणि आपली जयंती मंडळे? बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा, हे अनेक ठिकाणी देणगीच्या आकड्यावर ठरते. डीजेचे पैसे कोणी दिले, हे विचारणारा तरुण ‘फाटे फोडणारा’ ठरतो.

असा प्रश्न विचारणारा धम्माच्या इतिहासातही होऊन गेला. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीचे वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या दिवशी पात्र ठेवून उपासकांकडून नाणी घेऊ लागले. काकण्डकपुत्त यश यांनी विरोध केला. भिक्खूंनी त्यांना वाटा देऊ केला, त्यांनी तो नाकारला. तेव्हा उलट त्यांनाच उपासकांची क्षमा मागायला लावण्याचा ठराव झाला. यश उपासकांकडे गेले, पण त्यांनी तिथे विनय काय सांगतो ते समजावले. उपासक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत ही प्रथा अयोग्य ठरली.

काय करता येईल?

निकालानंतर ३० दिवसांत विधानसभा आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार एक रुपया शुल्क भरून कोणीही तो पाहू शकतो. ठरलेले शुल्क भरून प्रतही मिळते. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन तरुणांनी प्रचारकाळातल्या सभा, गाड्या, बॅनर, पुरवण्या यांचे फोटो तारखेसह जपावेत आणि नंतर हिशेबाशी ताडून पाहावेत. ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या आपल्या भगिनींचे हिशेब वेळेत भरून देणे, हेही तितकेच मोठे काम आहे.

आणि सुरुवात घरातून. येत्या १४ एप्रिलनंतर आठ दिवसांत वर्गणी आणि खर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लावा, देणाऱ्यांच्या नावांसह. तो कागद लावलेल्या मंडळाने आमदाराकडे हिशेब मागितला, तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

जय भीम. नमो बुद्धाय.