गाडी एकीची, काळीज दुसरीचे

‘मामा, मला गाडी हायब्रीड करायचीय,’ असे आमच्या भाच्याने दिवाळीत जाहीर केले, तेव्हा आई ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. नगर जिल्ह्यातल्या बाईला हायब्रीड म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. हायब्रीड ज्वारीच्या भाकरी तिने नाक मुरडत आयुष्यभर थापल्या आहेत. मान वर न करता ती म्हणाली, ‘नको रे बाबा, चव नसते तिला.’

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे एक जुनी होंडा सिटी आहे आणि तिच्यात त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे इंजिन घालायचे त्याच्या मनात आहे. पेट्रोल आणि बॅटरी मिळून चालते ती ही हायब्रीड नव्हे. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९९० च्या दशकात हलक्याफुलक्या, स्वस्त होंडा सिव्हिकमध्ये इंटेग्राचे दांडगे इंजिन बसवायला सुरुवात केली आणि अशा संकराला ते हायब्रीड म्हणू लागले. दोन्ही गाड्या एकाच घरच्या, त्यामुळे पाहुणे इंजिन फारशी कुरकुर न करता बसे. पण हे वेड त्याहून जुने आहे. १९३२ साली फोर्डने स्वस्तातले व्ही-८ इंजिन आणले आणि तिथल्या हौशी तरुणांनी ते आधीच्या फोर्ड गाड्यांत कोंबले. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने ब्रिटिश एसी कंपनीच्या नाजूक गाडीत फोर्डचे व्ही-८ घातले आणि कोब्रा जन्माला आली.

भाचा हे सारे असे सांगत होता, जणू या बाबतीत आपला प्रांत कोराच आहे. मी म्हणालो, ‘अरे, तुझ्या आजोबांनी हे कधीच केलंय. फरक एवढाच, की त्यांना वेग नको होता, डिझेल परवडत होतं.’

आमच्या दादांकडे जुनी पेट्रोल जीप होती. लिटरला सात-आठ किलोमीटर, तेही तिची मर्जी असली तर. गावोगावच्या पेट्रोल जीपचे तेव्हा हेच दुखणे होते आणि औषधही एकच होते : डिझेल इंजिन. खुद्द महिंद्रानेही पुढे प्यूजोच्या परवान्याने डिझेल जीप काढल्या. ज्यांना नवी परवडत नव्हती ते मिस्त्री गाठत. मॅटॅडोरच्या इंजिनाला मोठा मान होता. त्याची वंशावळ मर्सिडीजची, ते बनवणारी बजाज टेम्पो फिरोदियांची, आणि फिरोदिया घराणे मूळचे आमच्या नगरचे. म्हणजे इंजिन माहेरीच आले म्हणायचे!

दादांचे काम नगरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी केले. सगळे त्यांना चाचा म्हणत. नकाशा नाही, पुस्तक नाही. पुठ्ठ्यावर इंजिनाच्या तोंडाचा ठसा घेतला आणि त्याबरहुकूम लोखंडी प्लेट कापून इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सोयरीक जमवली. माउंटिंग तोडून नवी वेल्ड केली, रेडिएटर पुढे सरकवला. चौथ्या दिवशी जीप धडधडली तेव्हा अंगणातली भांडी थरथरली आणि दादांनी पेढे वाटले. नोंदणी पुस्तकात इंजिनाचा नंबर आणि इंधन बदलून मिळाले. खाली वाकून ब्रेक मात्र कोणी पाहिले नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पेंडीची पोती भरून करंजी घाट उतरताना ते ब्रेक तापून निकामी झाले. मी बारा वर्षांचा, पोत्यांवर बसलेलो. दादांनी जीप डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि दगडात रुतवली. दादांचे मनगट मोडले, मी पेंडीत पडलो म्हणून वाचलो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरेच जड असते. पुढचे पाटे बसलेले, आणि सारा भार पेललेला जुन्या ड्रम ब्रेकनी. चाचा दुसऱ्या दिवशी घरी आले, ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, ‘इंजिन मैंने बिठाया. ब्रेक का किसी ने पूछाच नहीं, मैंने भी नहीं.’ या वाक्यातला शेवटचा तुकडा मी आजवर विसरलेलो नाही.

नगरमध्ये रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४ पासूनचे. सुट्टीत मुलांना घेऊन आपण जातो, तोफेशेजारी फोटो काढतो आणि भेळ खाऊन परततो. पुढच्या वेळी जरा पोलादाच्या आत डोकावा. मॅटिल्डा रणगाड्याच्या पोटात बससाठी घडलेल्या जातीची दोन डिझेल इंजिने शेजारी शेजारी होती. सेंच्युरियनचे मिटिऑर इंजिन तर स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनापासून काढलेले, उंचावर लागणारा सुपरचार्जर तेवढा उतरवून. म्हणजे परके काळीज बसवणे हे काही गावठी पाप नव्हे. मात्र तिथे त्या काळजाबरोबर गिअरबॉक्स, थंडाव्याची सोय, थांबण्याची सोय, सारे तोलून मापून घेतलेले असते.

आता कायद्याकडे येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट बजावले. सीएनजीसारख्या मंजूर किटला वाट आहे. पण एकट्या मिस्त्रीने एकट्या गाडीवर केलेल्या कामाला जवळपास नाहीच. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. करंजी घाटाने मला तेवढे शिकवले आहे. अपुरा मात्र जरूर वाटतो. बंदीने कामे थांबत नाहीत, ती मागच्या गल्लीत जातात, आणि तिथे ब्रेकचे विचारायला कोणीच नसते.

हायब्रीडचे माहेर असलेल्या कॅलिफोर्नियात काय करतात? इंजिन बदललेली गाडी सरकारी रेफ्रीकडे न्यायची. इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्याहून नवे हवे, धुराची सारी उपकरणे जागेवर हवीत. मग शिक्का. जर्मनीतही एकेका गाडीतला बदल तपासून कागदावर चढवतात. आपल्याकडे वाहने तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, नगरमध्येच आहे. दुसरी, एआरएआय, पुण्यात. त्यांचे दार कारखानदारांना आणि किटवाल्यांना उघडे आहे. महिन्यातला एक दिवस, माफक फी घेऊन, एकेकट्या गाडीसाठी ठेवला तर? वजन, ब्रेक, धूर, वेल्डिंग पाहावे. नापास झाला तर का झाला ते मिस्त्रीला मराठीत लिहून द्यावे. पुठ्ठ्यावरून प्लेट कापणाऱ्या माणसाला तो कागद वाचायला आवडेल, अशी माझी खात्री आहे.

असो. भाच्याला मी चाचांच्या मुलाकडे नेले. आता गॅरेज तो चालवतो. भाच्याने मोबाईलवर इंजिनाची चित्रे दाखवली, अश्वशक्तीचे आकडे सांगितले. मुलगा सगळे शांतपणे ऐकत होता. मग जॅक सरकवून तो गाडीखाली गेला आणि आतूनच म्हणाला, ‘ये काम मैं नहीं करनेवाला, पासिंग नहीं होगा. पण पुढच्या डिस्क संपल्यात तुझ्या. त्या आधी बदल.’

भाचा दोन दिवस गाल फुगवून होता. गाडी सध्या आमच्या वस्तीवर ताडपत्रीखाली उभी आहे, मूळ इंजिनासह. डिस्क तेवढ्या नव्या बसल्या आहेत. पैसे आईने दिले.