कणेरीहून शहाडकडे

कुंभोजगिरीच्या बाहुबलींचे दर्शन घेऊन परतणारी ठाणे-डोंबिवलीकडील कुटुंबे वेळ असल्यास कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात थांबतात. तेथील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात जुने खेडे माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून उभे केले आहे. चाक फिरविणारा कुंभार, भात्यापाशी बसलेला लोहार, रंधा मारणारा सुतार. मुले पुतळ्यांना हात लावून पाहतात. मोठ्यांनी मात्र त्यांना तेथील हिशेबही सांगावा. बलुतेदाराला कामागणिक पैसे मिळत नसत. सुगीनंतर खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. नांगराचा फाळ वर्षभरात कितीदा शेवटला, याची नोंद कोणी ठेवीत नसे. रोज कीर्द लिहिणाऱ्या घरातील मुलांना हे नवलाचे वाटते.

हे खेडे कारखान्यापूर्वीचे आहे. ठाणे-कल्याणचा वारसा कारखान्यानंतरही चालू राहिला, आणि त्यातील एक धागा जैन वाचकांच्या विशेष जवळचा आहे. पोर्तुगीज काळात ठाण्यात रेशीम विणणाऱ्यांची वस्ती होती. रेशमाचा अखंड तंतू हवा, तर कोशातील जीव उकळत्या पाण्यात वा वाफेवर मारावा लागतो. म्हणून अनेक श्रावक घरांत रेशीम वर्ज्य. विसाव्या शतकात त्याच परिसरात, कल्याणशेजारी शहाड आणि मोहने येथे, रेयॉनचे मोठे कारखाने उभे राहिले. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, मधासारखा दाट द्राव बनवितात आणि सूक्ष्म छिद्रांच्या तोटीतून तो आम्लाच्या कुंडात सोडतात. बाहेर पडतो तो चकाकणारा धागा. कापडबाजारात त्यालाच आर्ट सिल्क म्हणत. त्यातील ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, ‘आर्टिफिशियल’चा संक्षेप, गिऱ्हाइकाचा गैरसमज दूर करण्याची घाई अर्थातच कोणाला नसे!

कीटक वाचले, एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. कार्बन डायसल्फाइडची वाफ दीर्घकाळ अंगावर घेणाऱ्या कामगाराच्या मज्जातंतूंना आणि हृदयाला अपाय होतो; सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर नदीतील जीवही मरतात. अहिंसेच्या नावाने हा धागा विकताना जमेबरोबर ही नावेची बाजूही मांडावी लागेल. खरे औद्योगिक संग्रहालय हे दोन्ही दाखवील.

मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. अशी यंत्रे भंगारात गेली की त्यांवर काम केलेल्यांच्या आठवणी आणि व्यापाऱ्यांची कागदपत्रे एवढेच मागे उरते. ती कागदपत्रे आपल्या माळ्यांवर आहेत: गिरण्यांची नमुनापुस्तके, ठाणांवरची रंगीत लेबले, आडतीची पत्रे, लाल कापडात बांधलेले चोपडे. कणेरीला कुंभाराचे चाक मांडले आहे. आपल्या गादीवरचा गज आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाद झालेली शेर-छटाकाची वजने कोणी जपली?

ठाण्यात आणि डोंबिवलीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. घर रिकामे करण्याची तारीख ठरते, माळा एका दुपारी मोकळा होतो आणि चोपडे रद्दीच्या भावाने जातात. त्यापूर्वी एखाद्या रविवारी नातवंडाला शेजारी बसवावे, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि प्रत्येक नमुन्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे: कापड कोणते, गिरणी कोणती, साल कोणते, वाराचा भाव काय.