नारळ पडतो, पाडेली पाडतो

परवा शेजारची आठवीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन आली. पाठ करायला क्रियापदांच्या जोड्या दिल्या होत्या. राइज-रेज, लाय-ले, फॉल-फेल. ‘काका, यातला फरक लक्षातच राहत नाही.’

मी विचारलं, ‘नारळ पडला आणि नारळ पाडला, यात फरक काय?’

ती हसली. ‘एक आपसूक पडला, दुसरा पाडेल्याने पाडला.’

झालं तर! फॉल म्हणजे पडणं. माड तोडून पाडणं म्हणजे फेल. सूर्य राइज होतो, हात आपण रेज करतो. बाळ निजतं ते लाय, आई त्याला निजवते ते ले. एक अकर्मक, दुसरं सकर्मक. पाठ करायचं उरलं एवढंच की लायचा भूतकाळ ‘ले’ होतो आणि फॉलचा ‘फेल’. खरा घोळ तिथंच आहे.

सकर्मक-अकर्मक हे शब्द मात्र तिनं कधी ऐकलेच नव्हते. वाईट वाटलं ते याचं.

प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून गोव्यात १९९० पासून वाद आहे. २०११ साली इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा तो पुन्हा पेटला. दोन्ही बाजू तावातावानं बोलल्या. पण मराठी मुलाला इंग्रजी शिकवायची कशी, यावर फारसं कुणी बोललं नाही. आपल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवूनच शिकल्या.

मराठी दर वेळी वाट दाखवते असं नाही. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हणून बसतो. इंग्रजीत डिस्कसला थेट कर्म लागतं. उलट, ‘मला माहीत होत आहे’ असं आपण कधी म्हणत नाही; तरी ‘आय ॲम नोइंग’ मात्र बिनदिक्कत म्हणतो. मूल कुठं ठेचकाळणार, हे मराठी जाणणाऱ्या शिक्षकालाच आधी कळतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळा कुठल्याही माध्यमाची असो, इंग्रजीच्या तासाला मराठीला दाराबाहेर उभं करू नका. जे मूल पाच वर्षांचं असल्यापासून ‘पडणं’ आणि ‘पाडणं’ अचूक वापरतं, त्याला व्याकरण येत नाही असं म्हणायचं तरी कसं?