सायकल नको, की तो रस्ता नको?



सहा वर्षांपूर्वी वडिलांची सायकल मीच भंगारवाल्याला दिली. बाबा तेव्हा ७२ वर्षांचे होते. लक्ष्मी रस्त्यावर एका दुचाकीचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण आम्हा भावंडांची झोप उडाली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी नोकरी सायकलने केलेल्या माणसाला आम्ही बजावले, "बाबा, आता पुरे." ते काही बोलले नाहीत. सायकल गेली आणि वर्षभरात त्यांचे मंडईत जाणे थांबले, मित्रांकडचा पत्त्यांचा डाव थांबला, पायांतील बळही ओसरले. पडतील या भीतीने आम्ही सायकल काढून घेतली होती. आणि पुढच्याच पावसाळ्यात बाबा घरातच, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. इतरांना व्यायाम शिकवणे हा माझा व्यवसाय. तरीही ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून आज हे लिहीत आहे.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढाच्या लोंढा रस्त्यावर येई. त्या पिढीच्या हातून सायकल सुटली ती वयामुळे कमी आणि वाहनांच्या गर्दीमुळे अधिक. म्हणून घरातील ज्येष्ठाने सायकलचे नाव काढले, तर "चालवू द्यावी का?" एवढ्यावरच थांबू नये. कोठे, केव्हा आणि कोणासोबत, हेही विचारावे.

सायकलचा गुण असा की शरीराचा बराचसा भार सीट पेलते. गुडघ्याला हालचाल मिळते, पण चालताना बसतो तसा आघात बसत नाही. संधिवाताच्या सौम्य त्रासातही ती अनेकांना मानवते. मांडीचे स्नायू राबतात आणि खुर्चीतून उठताना, जिना चढताना तेच उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोलाचे व्यायाम सुचवते. आठवड्यातील एका सहलीने हा हिशेब पुरा होत नाही. पण त्या सहलीच्या ओढीने उरलेले सहा दिवस घरचा व्यायाम होतो, हा अनुभव आहे.

आता रस्त्याविषयी. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ या शहरांदरम्यान बंद पडलेल्या लोहमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात सायकलवाट तयार झाली. सुमारे २१ किलोमीटरच्या त्या वाटेवर मोटारी नाहीत आणि दमवणारा चढही नाही. कारण आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, म्हणून तिचा मार्ग मुळातच सपाट आखलेला असतो. कालव्याचेही तसेच. पाणी संथपणे वाहून न्यायचे, तर उतार अगदी थोडा ठेवावा लागतो. जी वाट आगगाडीला आणि कालव्याला मानवते, तीच थकलेल्या गुडघ्यालाही मानवते.

ही कसोटी पुण्याला लावून पाहा. पश्चिमेला सह्याद्री आहे. पानशेत, मुळशीकडचे रस्ते रम्य, पण चढउतारांचे, आणि रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेले. ज्येष्ठांना चढापेक्षा उतार घातक. तेथे ब्रेक दाबणाऱ्या बोटांची आणि तोलाची परीक्षा होते. पूर्वेला मात्र लोहमार्ग आणि खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा, दोघेही दौंडच्या दिशेने सपाट मुलखातून जातात. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार केंद्र सुरू केले ते उरुळी कांचन याच पट्ट्यात आहे. तेथून मुळा-मुठेच्या काठाकडे जाणारे गावरस्ते उसाच्या शेतांतून जातात. सोलापूर महामार्गावर मात्र सायकल मुळीच चालवू नये. सायकल मोटारीच्या मागील स्टँडवर किंवा छोट्या टेम्पोतून गावापर्यंत न्यावी आणि महामार्ग मागे पडल्यावरच उतरवावी. कालव्याच्या थेट काठावरील कच्ची वाटही टाळावी. एका बाजूला पाणी असते आणि कठडा नसतो.

ऋतू पाहावा. पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. याच दिवसांत साखर कारखान्यांचे गाळप चालू असते. उसाने लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत अरुंद रस्त्याने येतात. म्हणून आधी घरातील तरुणाने एकदा जाऊन तो रस्ता त्याच वेळी पाहून यावा. ट्रॅक्टर दिसताच सायकलवरून उतरून कडेला उभे राहावे. त्यात कमीपणा नाही. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत ऊन वर आल्यावरच निघावे.

सायकल दांडीची नको. पाय मागून उंच टाकून चढताना व उतरताना तोल जाण्याचा संभव अधिक. बिनदांडीची सायकल घ्यावी आणि सीट इतकी खाली ठेवावी की बसल्या जागी दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. शिरस्त्राण हवेच. खेड्यातील रस्त्यावर बाभळीचा काटा ठरलेला. सोबत हवेचा पंप आणि पंक्चरचे साहित्य असावे.

औषधांविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही दुर्लक्षू नये. बरे वाटत असले तरी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये. खिशात साखर असावी. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. चालवताना सोबत्याशी बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरेसा. छातीत दुखणे, घेरी किंवा वेगळीच धाप जाणवल्यास तेथेच थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पहिल्या दिवशी दोन किलोमीटर जाणे आणि दोन परत येणे, एवढेच. सोबत्याने मागे राहावे. पुढे राहिल्यास ज्येष्ठ त्याला गाठण्यासाठी नकळत वेग वाढवतात. अंतराची बढाई नको. फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांनी २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, तासाभरात २६.९२७ किलोमीटर सायकल चालवली होती. २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, ती २२.५४७ भरली. वेग उतरला, तरी त्यांनी सायकल सोडली नव्हती.

ज्यांना भोवळ येते, कंपवात आहे किंवा दृष्टी अधू झाली आहे, त्यांनी दोन चाकांचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी तीनचाकी किंवा घरातील स्थिर सायकल आहे. कोपनहेगन शहरात २०१२ पासून स्वयंसेवक वृद्धांना पुढे बसवून तीनचाकी सायकलवरून फिरवून आणू लागले आणि ती प्रथा पुढे अनेक देशांत पोहोचली. पेडल दुसऱ्याचे असले, तरी वारा तोच लागतो.

बाबांसाठी आम्ही गेल्या हिवाळ्यात बिनदांडीची सायकल घेतली. त्याआधी तीन महिने घरी रोज खुर्चीतून उठबस, भिंतीच्या आधाराने एका पायावर उभे राहणे आणि स्थिर सायकल, असा सराव केला. पहिल्या सकाळी गावरस्त्यावर त्यांनी दोनदा पाय टेकले, मग अर्धा किलोमीटर न थांबता गेले. चहाच्या टपरीशी उतरल्यावर मी पैसे काढू लागले, तेव्हा म्हणाले, "राहू दे, मी देतो." सायकल गेल्यापासून त्यांनी कोणाला चहा पाजल्याचे मला आठवत नव्हते.

आपल्या घरातील जुनी सायकल अजून जिन्याखाली असेल, तर ती विकण्यापूर्वी एकदा तिच्या मालकाला विचारा. ती चालवण्याजोगी नसेल, तरी त्यांना काय म्हणायचे आहे, ते आपल्याला कळेल.